वाचक हुडकताना

"तो आला, खरं बसला नाही."

माझ्या पुस्तकातलं हे एक साधं वाक्य. आमच्या भागात कुणालाही विचारा, अर्थ लगेच सांगेल. तो आला, पण बसला नाही. बेळगाव, खानापूर, चंदगड या पट्ट्यात 'पण'च्या जागी 'खरं' येतं. आई रागावली तरी 'खरं', मायेनं बोलली तरी 'खरं'. "जा, खरं लवकर ये." पुण्याच्या एका प्रकाशन संस्थेकडून माझं हस्तलिखित परत आलं, तेव्हा पहिल्याच पानावर या 'खरं'भोवती लाल वर्तुळ होतं. समासात लिहिलं होतं, 'क्रम चुकला. तो आला खरा, पण बसला नाही, असे हवे.'

मी ते पान बराच वेळ बघत बसले. तपासणाऱ्यानं मन लावून वाचलं होतं, हे दिसत होतं. ऱ्हस्वदीर्घाच्या माझ्या तीन चुका त्यानं बरोबर पकडल्या होत्या. त्याच्या कानावर आमचं बोलणं कधी पडलं नव्हतं, एवढंच. पुढे पानापानावर तशीच वर्तुळं. 'करालोय'चं 'करतो आहे', 'कुठं जालीस'चं 'कुठे चाललीस', 'हुडकलं'चं 'शोधलं'. सोबतच्या पत्रात, छापायचं ठरलं तर ३०० प्रती लेखिकेनं स्वतः विकत घ्याव्यात, असं होतं. ती रक्कम माझ्या चार महिन्यांच्या पगाराएवढी होती.

पैशाचं वाईट वाटलंच. पण खोडलेलं 'हुडकलं' त्याहून जास्त लागलं. कन्नडमध्येही 'हुडुकु' म्हणजे शोध. गाय चुकली की आमच्या गावातला मराठी घरचा माणूस आणि कन्नड घरचा माणूस एकाच शब्दानं तिच्यामागे निघतात. शोधणं घरात बसूनही होतं. हुडकायला पायात चप्पल घालून बाहेर पडावं लागतं, चार ठिकाणी विचारावं लागतं, काट्यात शिरावं लागतं. तो शब्द काढून पुस्तक छापायचं तर ते माझ्या गावाचं पुस्तक राहणार नव्हतं. मी आभाराचं पत्र पाठवलं आणि पुस्तक स्वतःच काढायचं ठरवलं. छापायला पैसे नव्हते, म्हणून ई-बुक.

मी बेळगावात शहापूरच्या एका छापखान्यात २२ वर्षं अक्षरजुळणी करते. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल. दिवाळी झाली की साहित्य संमेलनांच्या स्मरणिका येऊ लागतात. कडोली, उचगाव, येळ्ळूर अशा गावांमधून ही संमेलनं भरतात. बाहेरच्या माणसाला सांगितलं तर पटत नाही, पण शेतकऱ्यांच्या गावात सकाळी ग्रंथदिंडी निघते, पुढे लेझीम, मागे डोक्यावर कलश घेतलेल्या बायका, पालखीत पुस्तकं. वर्गणी गावची आणि मांडवही गावचाच. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली आणि आमचा भाग त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेला. महाराष्ट्रानं २००४ मध्ये दाखल केलेला दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याचं जे व्हायचं ते होईल, पण दर हिवाळ्यात शेणानं सारवलेल्या अंगणात मांडव उभा राहतो आणि लोक दिवसभर बसून कविता ऐकतात. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय तर १८४८ पासूनचं. वाचणाऱ्यांचा दुष्काळ आमच्याकडे कधीच नव्हता. आमच्या लिहिणाऱ्यांचं पुस्तक मात्र पुण्या-मुंबईला जाऊन, तिथलं होऊन परत यायचं.

पुस्तक संगणकावर जुळवणं हे तर माझं रोजचं काम, त्यामुळे फाईल तयार करायला आठवडा पुरेल असं वाटलं होतं. तीन महिने लागले.

छापखान्यात आम्ही श्रीलिपीत काम करतो. छपाईला ती उत्तम. पण त्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये जुळवलेला मजकूर फॉन्ट नसलेल्या यंत्रावर उघडला की रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते. ई-बुकाला युनिकोड लागतं, म्हणजे प्रत्येक अक्षराची ओळख जगभर एकच. मी सगळा मजकूर कन्व्हर्टरमधून काढला. वरवर बघता झकास दिसत होता. रात्री जेवणं आटोपल्यावर फोनवर वाचायला घेतला आणि पहिल्याच लेखात अडकले. 'पावसात दर्या भरून आल्या.'

मी लिहिलं होतं 'दऱ्या'. कणकुंबीच्या, जांबोटीच्या बाजूच्या दऱ्या, जिथं मलप्रभा उगम पावते. कन्व्हर्टरनं ऱ्यचा तो आडवा पिसारा उचलून वर रफार करून ठेवला होता आणि माझ्या डोंगरातला पाऊस थेट समुद्रात पडत होता. 'पायर्या', 'म्हातार्या', 'शेतकर्यांच्या', 'वार्यावर'. एका फटक्यात बदलता येईना, कारण 'सूर्य', 'कार्य', 'धैर्य' यांतला रफार आपल्या जागी बरोबर होता. सगळं बदललं तर 'सूऱ्य' झाला असता. मग एकेक शब्द डोळ्यांनी पाहत गेले. वहीवर रेघा मारत मोजलं, ४१२ जागा निघाल्या. युनिकोडमध्ये या 'ऱ'ला स्वतंत्र जागा आहे. मराठीतल्या आमच्या ऱ्यला ती कामी येते, याचं त्या रात्री मला फार बरं वाटलं.

दुसरी अडचण माझ्या सवयीची होती. ई-पब फाईल ही वेबसाठी लिहिलेल्या पानांसारख्याच पानांची बांधलेली पुडी. तिला छापील पुस्तकासारखं पान नसतं. वाचणारा अक्षर मोठं करतो, फोन आडवा धरतो, ओळी तशा वाहतात. २२ वर्षं मी ओळ पानात बसवत आले. पानाच्या डोक्यावर एकटीच ओळ लोंबकळू नये म्हणून मागच्या परिच्छेदातला शब्द कमी करायचा, हे माझं कसब. इथं त्याचा उपयोग नव्हता. मी स्पेस मारून मारून मधोमध आणलेली शीर्षकं फोनवर कुठल्या कुठे गेली. शीर्षकाला शीर्षकाची स्टाईल द्यायची, परिच्छेदाला परिच्छेदाची, आणि पुढचं वाचणाऱ्याच्या हातात सोडायचं, एवढंच आपलं काम. माझ्यासारख्या जुळारणीला हे सोडून देणं जड गेलं. आता वाटतं, साठी उलटलेल्या वाचकाला अक्षर हवं तेवढं मोठं करता येणं हे माझ्या मोजून बसवलेल्या पानापेक्षा जास्त मोलाचं आहे.

मुखपृष्ठ मीच केलं. २५६० बाय १६०० पिक्सेल असावं असं सांगतात. संगणकावर ते चित्र सुंदर दिसायचं. पण ई-बुकांच्या ऑनलाईन दुकानाच्या यादीत ते अंगठ्याच्या नखाएवढं होतं आणि माझी नाजूक रेषांची विहीर तिथं डाग पडल्यासारखी दिसू लागली. शेवटी खानापुरी कौलाचा एक लाल त्रिकोण, काळी जाड अक्षरं, बस.

किंडलवर, म्हणजे अ‍ॅमेझॉनच्या ई-बुक दुकानात, पुस्तक चढवताना भाषेची यादी उघडते. मी चढवलं तेव्हा त्यात भारतीय भाषांपैकी हिंदी, मराठी, गुजराती, तमिळ, मल्याळम होत्या. माझ्या शेजारच्या टेबलावर कन्नड जुळणी करणारे अण्णा बसतात. कन्नड कविता लिहितात, फार हळव्या. कौतुकानं मागे येऊन उभे होते. मी यादी वरखाली केली. त्यांनी चष्मा पुढे ओढून पाहिलं आणि म्हणाले, "कन्नड इल्लेनवा?"

नव्हती. बेळगावात आयुष्य गेलेल्या मला, मराठीला जागा आहे आणि कन्नडला नाही, असा कागद पहिल्यांदाच दिसत होता. दुकानाच्या पाट्यांपासून सरकारी अर्जांपर्यंत उलटा अनुभव आम्ही रोज घेतो. पण त्या क्षणी मला आनंद झाला नाही. अण्णांचा चेहरा मला ओळखीचा वाटला. तो मी आरशात पाहिलेला होता. त्यांच्या कविता आम्ही नंतर प्रतिलिपी या लिहिण्या-वाचण्याच्या अ‍ॅपवर टाकल्या. ती कंपनी बेंगळुरूची, २०१४ पासूनची, आणि तिथं कन्नड-मराठी शेजारी शेजारी बसतात. त्यांची टाईप केलेली कविता मला वाचता येते, अर्धीमुर्धी कळते. माझे लेख ते माझ्याकडून वाचून घेतात.

पैशाचा हिशेब थोडक्यात सांगते, कारण माझ्यासारख्या कुणाला तो आधी कळला तर बरं. किंडलवर लेखकाला किमतीतले ३५ टक्के किंवा ७० टक्के असे दोन पर्याय असतात. भारतातल्या विक्रीवर ७० टक्के हवे असतील तर सिलेक्ट नावाच्या योजनेत जावं लागतं, आणि मग ९० दिवस ते ई-बुक दुसरीकडे कुठेही ठेवता येत नाही, फुकटसुद्धा नाही. ७० टक्क्यांत फाईलच्या आकाराप्रमाणे एमबीला ७ रुपये पोचवणावळ आधी वजा होते. माझ्या फाईलीत माहेरच्या घराचे चार फोटो होते, ती ५ एमबीवर गेली. १२५ रुपयांच्या पुस्तकातले ३५ रुपये त्यातच गेले असते. फोटो काढून टाकले आणि ओसरीचं वर्णन दोन परिच्छेद वाढवलं. लेख त्यानं सुधारला. ई-बुकाला आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, सक्तीचा नाही. पण हवा असेल तर आपल्या देशात राजा राममोहन रॉय यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था तो मोफत देते, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका. पॅन नंबर लागतो, अमेरिकेच्या कराचा एक फॉर्म ऑनलाईन भरावा लागतो. महिना संपल्यावर सुमारे ६० दिवसांनी पैसे खात्यात येतात. माझी पहिली रक्कम एका साध्या साडीएवढी होती.

पुस्तक शोधलं जावं म्हणून सात ठिकाणी शब्द भरता येतात. मी सगळे देवनागरीत भरले होते. मग भाच्यानं सांगितलं, "मावशी, फोनवर कोण देवनागरीत टाईप करतंय? सगळे रोमनमध्ये लिहितात." म्हणून तीन शब्द रोमन लिपीत केले. गावाचं नाव दोन्ही तऱ्हेनं घातलं. १ नोव्हेंबर २०१४ ला शहराचं सरकारी नाव बेळगावी झालं, पण त्याआधी गाव सोडून गेलेला माणूस जुन्याच नावानं हुडकणार.

आणि तरी पहिल्या दोन आठवड्यांत नऊ प्रती. त्यातल्या सहा कुणाच्या, ते मला माहीत होतं.

मी काय केलं होतं? ओळखीच्या ३१ व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर मुखपृष्ठ आणि लिंक टाकली होती. हात जोडलेले, फुलांचे, अंगठ्याचे शेकडो निरोप आले. अभिनंदन, अभिमान, सीमाभागाची शान. त्या माणसांचं प्रेम मला मान्य आहे. पण ग्रुपवर टाकलेली लिंक म्हणजे एस.टी. स्टँडवर दिलेली हाक. ऐकू सगळ्यांना जाते, वळून कुणी बघत नाही. माझा भाऊ पाच तारे देऊन अभिप्राय लिहायला निघाला होता. घरच्यांनी अभिप्राय लिहू नये असा तिथला नियम आहे, म्हणून मीच त्याला थांबवलं.

एका रविवारी माहेरी गेले होते. आईशी बोलताना विषय निघाला, आमच्या आळीत आता कोण कोण राहिलंय? आई बोटं मोजू लागली. बावीस घरं, त्यातली नऊ बंद. मग ती सांगत सुटली. वरच्या घरातली थोरली गडहिंग्लजला दिली, धाकटी इचलकरंजीला. सुताराची दोन्ही पोरं गोव्यात, एक म्हापशाला. पाटलांचा पोरगा चाकणला कंपनीत. कोपऱ्यावरच्या घरातले तिघे फौजेत. आमच्याकडे मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावातच, त्यामुळे घरटी एक माणूस फौजेत हे नवल नाही. मी वही काढली आणि लिहून घेऊ लागले. कोण, कुणाची, कुठं गेली. संध्याकाळपर्यंत ११८ नावं झाली. आईनं एकदाही चूक केली नाही.

ती वही बघताना मला कळलं की माझे वाचक हे आहेत. मी ज्या ओसरीचं, ज्या पाणवठ्याचं लिहिलंय, ते ज्यांच्यापासून सुटलं, ते. गावात राहिलेल्यांना ओसरी समोरच दिसते. पुण्यातल्या वाचकाला ती दाखवावी लागते. या ११८ जणांना ती नुसती आठवायची होती. आणि यातल्या जवळजवळ कुणाच्याही गावी माझं छापील पुस्तक मिळालं नसतं. लेह-लडाखमधल्या चौकीजवळ पुस्तकाचं कुठलं दुकान? पण रेंज आली की फोनवर पुस्तक उतरतं आणि मग रेंज गेली तरी वाचता येतं.

ग्रुपवर टाकणं बंद केलं. रोज रात्री पाच जणांना, एकेकाला वेगळा, आवाजाचा निरोप पाठवू लागले. लिहिलेला नाही, बोललेला. "अगे, मी वरच्या आळीतली. ओळख लागली काय? एक परिच्छेद वाचून दाखवतो, ऐक." आमच्याकडे बायकाही घरात 'मी करतो, मी जातो' असं बोलतात. शहरात येऊन मी ते सोडलं होतं, निरोपात आपोआप परत आलं. इचलकरंजीच्या निरोपात तिच्या घरामागच्या फणसाचा परिच्छेद, फौजेतल्यांना एस.टी. सुटतानाचा, चाकणवाल्याला रोपलावणीच्या चिखलाचा. शेवटी लिंक. कुणाला घ्या म्हटलं नाही. एका निरोपाला दोन मिनिटं आणि त्या माणसाचं घर आठवायला दहा मिनिटं. वही संपायला महिना लागला.

इचलकरंजीची फोन करून रडली. म्हणाली, "फणस तोडलाय म्हणे. खरं तू लिवलीस म्हणून हाय." तिच्याकडे कार्ड नव्हतं, तिच्या मुलानं पुस्तक घेऊन तिच्या फोनवर उघडून दिलं. म्हापशाच्यानं लिंक आपल्या खानापूरच्या मित्रांना पाठवली, त्यांतला एक दुबईला. ओळखीचा एक धागा ओढला की पुढची गाठ येत होती. किंडलमध्ये वर्गणीवर वाचणाऱ्यांनी किती पानं वाचली याचा रोजचा आलेख दिसतो. दोन आठवडे सपाट असलेली रेघ एका रात्री उठली. ६४ पानं. मी ती ६४ पानं काढून बघितली, कुठवर कोण आलं असेल याचा अंदाज बांधत. त्या आनंदाची तुलना मला अजून कशाशी करता आलेली नाही.

सिलेक्टमध्ये ९० दिवसांत पाच दिवस पुस्तक फुकट ठेवता येतं. त्यातले दोन दिवस मी गावच्या संमेलनासाठी राखले. लग्नपत्रिकांचा उरलेला कागद छापखान्यात असतोच, कडेला सोनेरी वेल आणि मध्ये कोरा. मालकांना विचारून त्यावर क्यूआर कोड छापला, १५० पत्रकं. पुस्तकांच्या टेबलाशेजारी उभी राहिले. तरुण पोरांनी फोन लावून पुस्तक घेतलं. एक आजोबा पत्रक हातात घेऊन उलटंसुलटं करत राहिले. "लग्न कुणाचं गे?" म्हणाले. मी सांगितलं, पुस्तक आहे. "पुस्तक कुठं हाय?" मी फोन दाखवला. ते फोनकडे बघत राहिले आणि म्हणाले, "वाच." मांडवाच्या कडेला उभ्यानं एक अख्खा लेख वाचला. अजून चार-पाच जण येऊन थांबले. वाचून झाल्यावर आजोबांनी पत्रक घडी घालून खिशात ठेवलं. "मला छापून दे. डोळं हाईत तवर."

सिलेक्टचं बंधन फक्त ई-बुकावर आहे, छापायला आडकाठी नाही. पगारातून बाजूला काढून मी ५० प्रती छापल्या. पहिली आजोबांना पोचवली.

पण मला जो फोन सांगायचा आहे तो त्यानंतरचा. राजस्थानातून आला, कोपऱ्यावरच्या घरातल्या मधल्याचा. पुस्तक वाचून झालं म्हणाला, चांगलं आहे म्हणाला, आणि मग घुटमळला. "अक्का, एक सांगू काय? विहिरीला तू सात पायऱ्या लिवलीस. खरं नऊ हाईत. खालच्या दोन पाण्यात असतात. चैतात पाणी उतारलं की दिसतात. मी त्यावर बसून पोहायला शिकलोय."

मी त्या विहिरीवर वीस वर्षं पाणी भरलं, आणि मला सातच माहीत. पोरींना पाण्यात उतरू देत नसत.

चैत्रात माहेरी गेले. दुपारी विहिरीवर कुणी नव्हतं. वरून मोजत उतरले. आठवीवर शेवाळ होतं, नववी पाण्याखाली ओंजळभर, पण तळव्याला लागली. बेळगावला परत आले तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते. संगणक लावला, फाईल उघडली, 'सात'चं 'नऊ' केलं, 'पायऱ्या'तला ऱ्य जागेवर आहे ना ते बघितलं आणि फाईल पुन्हा चढवली. नवं पुस्तक घेणाऱ्याला आता नऊ पायऱ्या मिळतील. आधी घेतलेल्यांच्या फोनमधलं पुस्तक मात्र आपोआप बदलेलच असं नाही. म्हणून वही काढली आणि पहिल्या नावाला आवाजाचा निरोप लावला. "अगे, मी वरच्या आळीतली. विहिरीला पायऱ्या नऊ हाईत."